तळपायावरचा काळा डाग

अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा रुतणे, कुरूप होणे नेहमीचेच. म्हणून तळपायावरचा काळा डाग कोणी मनावर घेत नाही. क्वचित मात्र तो मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग असतो. आपल्याकडे हा रोग विरळा. झाला तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. सुरुवातीला तो दुखत नाही.

डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, नखाखालचा काळा पट्टा रुंदावत असेल किंवा जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. बिब्ब्याचा चटका देऊ नये, घरी कापू नये.

निदान बायोप्सीने होते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की रोग किती खोल गेला ते कळते. वरवर असेल तर भोवतीच्या 1 ते 2 सेंटिमीटर निरोगी त्वचेसह तो कापून काढतात आणि बहुतेक रोगी बरे होतात. उशीर झाला तर तो जांघेतील गाठींत, पुढे फुप्फुसांत पसरतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब तपासताना तळपायही पाहावेत. त्याला दोन मिनिटे पुरतात.