तेल वाढलें कीं पाणी शिरलें?

इंजिनांतील तेल घटलें म्हणजे कास्तकार सावध होतो. वाढलें तर निश्चिंत राहतो. गेल्या धानाच्या चिखलणींत करडीस आम्हीहि असेच फसलों. ट्रॅक्टरची डिपस्टिक तेल वरच्या खुणेच्याहि वर दाखवी, आणि रेडिएटरचें पाणी रोज कमी होई; दोहोंचा संबंध आमच्या ध्यानीं आला नाहीं. तेल दुधाळ दिसलें, तोंवर बेअरिंगें खराब झालीं होतीं.

अशी शंका येतांच इंजिन बंद करावें. रात्रभर उभें ठेवून सकाळीं तळाचें बूच हळूच सैल करावें. पाणी जड, म्हणून बहुधा तेंच आधीं येतें. तोंड दूर ठेवून तेलाचा एक थेंब तापल्या पत्र्यावर टाकावा. तडतडला तर पाणी आहे. न तडतडला तरी निर्धास्त होऊं नये, कारण कूलंटांतील पाणी उडून ग्लायकोल मागें राहूं शकतें. तें प्रयोगशाळेंतच कळतें. उलट, हिवाळ्यांत झाकणाखालीं जमणारी थोडी पांढरी साय नुसत्या दमटपणाचीहि असते. डिझेल मिसळूनहि तेल वाढतें; पण तें पातळ होतें व त्यास डिझेलचा वास येतो.

पाणी बहुधा हेड-गॅस्केट, लायनरचें रबरी कडें, ऑइल-कूलर किंवा तडकलेलें हेड यांतून शिरतें. ती वाट बुजविल्यावांचून नुसतें तेल बदलणें व्यर्थ होय.