विश्लेषण : 'पीओपी'ची मूर्ती बादलीत खरेच विरघळते का?

टेंभी नाक्यावरून मासुंदा तलाव चालत काही मिनिटांवर. गणपती झाले की नाक्यावर नवरात्राची लगबग सुरू होते आणि तलावांच्या शहरात जुनाच प्रश्न पुन्हा निघतो : प्लास्टर ऑफ पॅरिसची (पीओपी) मूर्ती विसर्जनानंतर जाते कुठे? २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींसाठी कृत्रिम तलावच बंधनकारक केले. घरच्या छोट्या मूर्तीसाठी मात्र एक बादलीही पुरते. कशी, ते दहावीच्या विज्ञानातले एक समीकरण सांगते.

साध्या पाण्यात का विरघळत नाही?

जिप्सम तापवले की त्यातले पाऊण पाणी उडून जाते आणि उरते ते पीओपी. त्यात पाणी कालवले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणजे आपण घरी आणतो ती मूर्ती रंगाखाली जिप्समचीच, अर्थात पाणीधारक कॅल्शियम सल्फेटची असते. लिटरभर पाण्यात जिप्सम अडीच ग्रॅमही विरघळत नाही. दोन किलोच्या मूर्तीला त्या हिशोबाने आठशे लिटरहून जास्त पाणी लागेल. बादलीत ती महिनोन् महिने तशीच बसणार.

मग उपाय काय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यासाठी अमोनियम बायकार्बोनेट सुचवले. बेकरीत बिस्किटे फुलवायला वापरतात तेच. पुणे महापालिकेने ते नागरिकांना मोफत वाटलेही. अभिक्रिया अशी :

जिप्सम + २ अमोनियम बायकार्बोनेट → कॅल्शियम कार्बोनेट + अमोनियम सल्फेट + ३ पाणी + कार्बन डायऑक्साइड

तो '२' आला कुठून?

मुले इथेच अडखळतात. सुरुवात नायट्रोजनपासून करावी. अमोनियम सल्फेटच्या एका रेणूत दोन अमोनियम गट असतात, बायकार्बोनेटमध्ये एकच. म्हणून डावीकडे २. त्याबरोबर कार्बनचे अणूही दोन झाले. उजवीकडे त्यातला एक कार्बोनेटमध्ये बसतो, दुसऱ्याला जागा नाही, म्हणून तो वायू होऊन बाहेर पडतो. आता हायड्रोजन : जिप्सममधले ४ आणि बायकार्बोनेटमधले १०, एकूण १४. उजवीकडे अमोनियम सल्फेटने ८ घेतले, उरलेल्या ६ चे तीन रेणू पाणी. ऑक्सिजन दोन्हीकडे १२ भरतो. (घाईत असलेले विद्यार्थी ऑक्सिजनपासून सुरुवात करतात आणि पान खोडून ठेवतात.)

पडताळा वजनाने घ्यावा. डावीकडे १७२ आणि दोनदा ७९, म्हणजे ३३०. उजवीकडे १००, १३२, ५४ आणि ४४; तेही ३३०.

बादलीत किती टाकायचे?

१७२ भाग मूर्तीला १५८ भाग पावडर, म्हणजे किलोमागे साधारण ९२० ग्रॅम. वजनाला वजन घेतले की काम भागते. 'थोडीशी टाकली, मूर्ती तशीच राहिली' ही तक्रार त्या '२'कडे काणाडोळा केल्याची असते. मूर्ती बुडेल इतके पाणी घ्यावे, अधूनमधून ढवळावे. साधारण दोन दिवस लागतात.

मूर्ती 'विरघळली' म्हणणे बरोबर आहे का?

काटेकोरपणे नाही. दोन किलोची मूर्ती निव्वळ जिप्समची धरली, तर तळाशी सुमारे १ किलो १६० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ राहतो. वरच्या पाण्यातले अमोनियम सल्फेट हे खत आहे, पण ते भरपूर पाणी घालून पातळ करूनच झाडांना द्यावे. रंग मात्र या समीकरणात कुठेच नाहीत. ते जसेच्या तसे मागे राहतात, म्हणून रासायनिक रंगांच्या मूर्तीचे पाणी कुंडीत ओतू नये.

आणि बादलीवर घट्ट झाकण नको. अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, शिवाय अमोनियाचा उग्र वास येतो. बादली बाल्कनीत, मोकळ्या हवेत ठेवावी.