वर्गातला मधुमेह

'मधुमेह' म्हटले की पन्नाशी उलटलेले गृहस्थच आपल्या डोळ्यांसमोर येतात. म्हणून विश्रांतवाडीतल्या एखाद्या घरात सात वर्षांच्या मुलीला मधुमेह निघाला, की शेजारीपाजारी आधी विचारतात, "फार गोड खायला देत होता का?" आईवडिलांना हवा असतो आधार आणि पदरी येतो आरोप.

हा आरोप शास्त्राला धरून नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश करते. इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. रक्तात ग्लुकोज भरपूर, पण पेशी उपाशी! मग शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निघणारी आम्ले रक्तात साठून जीव धोक्यात येतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले थोड्याच काळात दगावत. आज ती शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. मात्र इन्सुलिन चुकवून चालत नाही. 'काढा घ्या, इंजेक्शन सोडा' असे सांगणारे भेटतातच. तो सल्ला जीवघेणा आहे.

विश्रांतवाडीहून पुणे स्टेशनकडे आले की जहांगीर रुग्णालय लागते. तेथील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांचे सहकारी अशा मुलांच्या वाढीचा आणि हाडांचा अभ्यास करत आले आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था या मुलांसाठी काम करते. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईचा आधारही आम्हांला कमी मोलाचा वाटत नाही. रात्री तीनला उठून साखर का तपासायची, लग्नकार्यात जेवणाचे कसे सांभाळायचे, हे ती अनुभवाने सांगते.

पण मूल रोज पाच-सहा तास शाळेत असते. इन्सुलिन घेतल्यावर डबा उशिरा खाल्ला किंवा कवायत जास्त झाली, तर रक्तशर्करा घसरते. मुलाला घाम फुटतो, हात थरथरतात, ते चिडते, सोपे गणितही चुकते. आपल्याला तो व्रात्यपणा वाटतो. शर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर मोठ्या मुलाला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठावे. एकट्याला घरी पाठवणे तर सर्वांत वाईट.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. परंतु मुलीच्या लग्नाच्या धास्तीने पालक शाळेपासून आजारच लपवतात, तेथे परिपत्रक काय करणार? त्यांनी विश्वासाने सांगावे, असे शिक्षक मात्र आपण होऊ शकतो.

घरी फ्रिज नसेल तर वापरातले इन्सुलिन उन्हाळ्यात कसे ठेवायचे, हाही प्रश्न असतो. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधली पोकळी ओल्या वाळूने भरावी. बाष्पीभवनाने आतले तापमान काही अंशांनी उतरते. आठवीच्या वर्गाने तापमापी घेऊन हा प्रयोग मार्चमध्ये करावा आणि हवा दमट झाल्यावर, जुलैत, पुन्हा करून फरक नोंदवावा.