ब्रेकविना धावणारी सायकल

चित्रपटांत पाठलाग बहुधा मोटारींचेच असतात. म्हणूनच डेव्हिड केप यांचा ‘प्रीमियम रश’ (२०१२) हा अमेरिकन चित्रपट पाहून आम्हां सायकल-विक्रेत्यांस विशेष आनंद झाला. न्यूयॉर्कमध्ये सायकलीवरून टपाल पोहोचविणारा वायली कोलंबिया विद्यापीठातून एक लिफाफा चायनाटाउनकडे नेतो आणि एक भ्रष्ट पोलीस अधिकारी त्याच्या मागे लागतो, एवढीच कथा.

वायलीच्या सायकलीस फ्रीव्हील नाही, ब्रेकही नाहीत. फ्रीव्हील असले म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरत राहते. येथे मात्र चाकाबरोबर पायडल फिरतेच. वेग आवरण्यासाठी पायडलास उलट जोर द्यावयाचा. हा जोर मागील चाकापुरताच पोहोचतो. थांबताना भार पुढे सरकतो, मागील चाक हलके होऊन घसरते. पुढच्या ब्रेकची सर त्यास येत नाही.

चित्रीकरणात नायक जोसेफ गॉर्डन-लेव्हिट टॅक्सीच्या काचेवर आदळले व त्यांस ३१ टाके पडले.

एखादा तरुण ग्राहक ‘तशीच सायकल करून द्या’ म्हणतो, तेव्हा आम्ही त्याच्याइतक्याच उत्साहाने चित्रपटाविषयी बोलतो. ब्रेक मात्र काढीत नाही. ग्राहक सुखरूप घरी पोहोचावा, यातच दुकानाची पत आहे.