चौकटींच्या मुलखातले थांबे

पूर्वेकडील ॲपलेशियन पर्वतरांगा आणि पश्चिमेकडील रॉकी पर्वत यांच्या दरम्यान, मिसिसिपी आणि मिसुरी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला विस्तीर्ण शेतीप्रधान प्रदेश ही अमेरिकेची मध्यभूमी होय. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिसुरी, कॅन्सस, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा ही राज्ये ढोबळमानाने तिच्यात मोडतात. मुलाबाळांकडे अमेरिकेत जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलींत नायगारा, वॉशिंग्टन, लास व्हेगस, ग्रँड कॅन्यन ही नावे ठरलेली असतात. मध्यभूमी मात्र विमानाच्या खिडकीतून दिसेल तेवढीच पाहिली जाते. तेथे पाहण्याजोगे काही नाही, हा समज खुद्द अमेरिकेतही पक्का आहे आणि तो मुख्यतः न थांबता तेथून निघून जाणाऱ्यांनी रूढ केला आहे. या देशात जमीन कशी मोजली गेली, कोणाकडून घेतली गेली, कोणाच्या हाती पडली आणि तिच्यात काय पिकले, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने याच प्रदेशात गाडी हाकावी आणि जागोजागी उतरावे.

या मुलखाची पहिली ओळख त्याच्या रस्त्यांवरूनच होते. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडील सरकारी जमीन मोजण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यात सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकटीला ‘टाउनशिप’ म्हटले गेले आणि तिचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ ‘सेक्शन’ पाडले गेले. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये, पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर, नाममात्र शुल्कात मिळू लागली. ग्रामीण रस्ते या सेक्शनच्या हद्दींवरून काढलेले असल्यामुळे आयोवात किंवा कॅन्ससमध्ये मैलामैलावर काटकोनात चौक येतात आणि सारा प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा आखलेला दिसतो. एखादा रस्ता कित्येक मैल नाकासमोर गेल्यावर विनाकारण डावीकडे वळतो आणि लगेच पुन्हा उत्तरेकडे लागतो, त्यामागेही मोजणीच आहे. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात, पृथ्वीच्या गोलाईवर सरळ चौकटी बसत नाहीत आणि म्हणून मोजणीदारांनी ठराविक अंतरावर दुरुस्तीच्या रेषा आखून चौकटी किंचित सरकवल्या. ही सरकवासरकव वाहनचालकाला आजही वळणाच्या रूपाने भेटते. पश्चिम नेब्रास्का व कॅन्ससमध्ये याच चौकटींत हिरवी वर्तुळे दिसतात. फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने शोधलेल्या आणि १९५२ साली पेटंट मिळालेल्या यंत्राची ती किमया आहे: विहिरीभोवती चाकांवर फिरणारी लांबच लांब नळी पिकाला पाणी शिंपडत जाते आणि चौकोनाचे चार कोपरे कोरडे राहतात. हे पाणी ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्यातून येते आणि त्यातला उपसा बऱ्याच ठिकाणी पुनर्भरणापेक्षा कितीतरी अधिक आहे, ही गोष्ट हिरवळ पाहताना विसरता कामा नये.

आंतरराज्यीय द्रुतगती मार्गांचे जाळे, ज्याला ‘इंटरस्टेट’ म्हणतात, त्याचाही या भूमीशी जवळचा संबंध आहे. १९१९ साली अमेरिकी लष्कराच्या मोटारींचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा चिखलवाळूत रुतत, पूल मोडत त्याला पोहोचायला ६२ दिवस लागले. त्या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण अधिकारी होता. कॅन्ससमधील ॲबिलीन या गावात लहानाचा मोठा झालेल्या याच गृहस्थाने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ साली ४१,००० मैलांच्या महामार्गजाळ्याच्या कायद्यावर सही केली. ॲबिलीनमध्ये त्यांचे बालपणीचे घर, संग्रहालय आणि समाधी आहे. प्रवाशाने एवढे लक्षात ठेवावे की सम क्रमांकाचे मार्ग पूर्व-पश्चिम व विषम क्रमांकाचे दक्षिण-उत्तर जातात आणि बहुतेक राज्यांत बाहेर पडण्याच्या फाट्यांचे क्रमांक त्या राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासूनच्या मैलांवरून दिलेले असतात, त्यामुळे पुढचा थांबा किती दूर आहे हे नकाशावाचून कळते.

रस्त्याच्या कडेची प्रसिद्ध आकर्षणे थोडक्यात आटोपता येतात. आयोवातील वॉलकॉट येथे १९६४ पासून चाललेला ‘आयोवा ८०’ हा ट्रकचालकांचा थांबा जगातील सर्वांत मोठा म्हणून ओळखला जातो. मालवाहतुकीवर हा देश किती विसंबून आहे हे तेथे तासभर बसले तरी उमगते. साउथ डकोटातील मिचेल गावातील ‘कॉर्न पॅलेस’ या सभागृहाच्या भिंती रंगीबेरंगी मक्याच्या कणसांच्या चित्रांनी मढवलेल्या असतात आणि ही चित्रे वरचेवर नव्याने रचली जातात. ही प्रथा १८९२ पासूनची आहे. त्याच राज्यातील वॉल या गावी टेड हस्टेड यांनी १९३१ साली औषधांचे दुकान घेतले. मंदीच्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी वाटसरूंना बर्फाचे पाणी फुकट देण्याची आणि तशा पाट्या रस्त्यावर लावण्याची कल्पना काढली. आज ते दुकान म्हणजे एक बाजारपेठच झाली आहे, पाट्या शेकडो मैलांपासून दिसू लागतात आणि पाणी अजूनही फुकट मिळते. तहानलेल्याला पाणी पाजण्यातून उभा राहिलेला हा व्यवसाय मनापासून कौतुक करण्याजोगा आहे.

याहून अधिक वेळ द्यावा अशी जागा म्हणजे कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स. युरोपीय वसाहतकार येण्यापूर्वी मध्यभूमीचा फार मोठा भाग उंच गवताच्या कुरणांनी व्यापलेला होता. नांगराखाली ते गवत गेले आणि आता मूळच्या क्षेत्राचा जेमतेम चार टक्के भाग शिल्लक आहे. फ्लिंट हिल्समध्ये ते वाचले, कारण तेथे मातीचा थर पातळ असून त्याखाली चुनखडक आणि गारगोटीचे थर आहेत आणि नांगराचा फाळ त्यावर चालत नाही. स्ट्राँग सिटीजवळ १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कुरण अभयारण्यात सुमारे ११,००० एकर गवत राखले असून २००९ पासून तेथे गवे, म्हणजे बायसन, पुन्हा चरू लागले आहेत. गाडी लावून पायवाटेने चालत गेल्याखेरीज या जागेचे मोल कळत नाही. ‘बिग ब्लूस्टेम’ हे येथील मुख्य गवत शरद ऋतूत पुरुषभर उंचीच्याही वर जाते, त्याचे तुरे तीन बोटांसारखे फाकलेले असतात आणि देठांवर तांबूस-जांभळी झाक चढते. मुळे मात्र त्याहून खोल उतरलेली असतात आणि वणव्यात वरचा भाग जळून गेला तरी गवत त्यांच्याच बळावर पुन्हा फुटते. म्हणूनच येथील पशुपालक वसंतात मुद्दाम कुरणे पेटवतात. आयोवाची काळी कसदार जमीन हजारो वर्षांच्या अशाच मुळांच्या कुजण्यातून तयार झाली आहे. गवताळ कुरणे मोडून जी शेती दक्षिणेकडील कोरड्या मैदानांवर फोफावली, तिचे फळ १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांच्या रूपाने मिळाले. १४ एप्रिल १९३५ या दिवशी तर भर दुपारी अंधार झाला.

उत्तरेला नेब्रास्कात प्लॅट नदीच्या काठी मार्चमध्ये जे घडते, तेही असेच चुकवू नये असे आहे. सँडहिल जातीचे पाच लाखांहून अधिक क्रौंच उत्तरेकडे स्थलांतर करताना कर्नी शहराच्या आसपास नदीच्या थोड्याशा लांबीत काही आठवडे मुक्काम करतात. दिवसभर ते शेतांत सांडलेला मका टिपतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास थव्याथव्यांनी नदीच्या उथळ पात्रात उतरतात, कारण पाण्यातून कोल्हा-लांडगा जवळ आला तर आवाज होतो. काठावरच्या लाकडी लपणांत आगाऊ जागा राखून शांत बसणाऱ्याला हा सारा सोहळा अगदी जवळून दिसतो.

या प्रदेशाला नवा म्हणण्याची चूक इलिनॉयमधील कहोकिया येथे सुधारते. सेंट लुईसच्या पलीकडे, नदी ओलांडताच, मिसिसिपी संस्कृतीच्या मूलनिवासींनी रचलेले मातीचे टेकाड उभे आहे. ‘मंक्स माउंड’ नावाचे हे टेकाड सुमारे ३० मीटर उंच असून त्याची माती टोपल्यांनी वाहून आणलेली आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत येथे दहा ते वीस हजार लोकवस्तीचे नगर होते, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे आणि १९८२ पासून हे स्थळ जागतिक वारसा यादीत आहे. सेंट लुईसची ६३० फूट उंचीची पोलादी कमान पाहायला गर्दी लोटते. त्यांतले थोडेच लोक पुढे येथवर येतात, याची खंत वाटते.

साउथ डकोटातील ब्लॅक हिल्स या डोंगरांत तर इतिहास अजून मिटलेला नाही. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने हे डोंगर लकोटा व इतर सू लोकांना कायमचे दिले होते; १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये काँग्रेसने ते काढून घेतले. त्याच डोंगरातील ग्रॅनाइटमध्ये गट्झन बोर्ग्लम यांच्या देखरेखीखाली १९२७ ते १९४१ या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे सुमारे साठ फुटी चेहरे कोरले गेले, तेच माउंट रशमोर. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सू लोकांना भरपाई मंजूर केली. त्यांनी ती नाकारली, कारण त्यांना पैसा नको, जमीन हवी आहे. शिल्पाची कारागिरी थोर आहेच, पण हा तह ठाऊक नसताना ते पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय.

जमीन मिळवण्याची दुसरी कथा कॅन्ससच्या वायव्य भागातील निकोडेमसमध्ये आहे. गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे १८७७ साली प्रामुख्याने केंटकीहून येथे आली, झाडे नसल्यामुळे जमीन खणून तळघरवजा खोपटांत राहिली आणि त्यांनी गाव वसवले. १८८० च्या दशकाअखेरीस रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि भरभराट थांबली. तरीही दर जुलैअखेर त्या घराण्यांचे वंशज दूरदूरहून गावी जमतात.

याच कॅन्ससमधील बीलर गावाजवळ १८८६ साली एका तरुणाने होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेऊन मातीच्या ढेकळांचे घर बांधले होते. हायलँड येथील महाविद्यालयाने त्याचा रंग पाहून दारातून परत पाठवल्यानंतरची ही गोष्ट आहे. हा तरुण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, आणि मराठी वाचकाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ प्रसिद्ध झाल्यापासून महाराष्ट्राच्या घराघरांत हे नाव आदराने घेतले जाते. कार्व्हरच्या आयुष्याच्या खुणा मध्यभूमीत सलग सापडतात, त्यामुळे मराठी प्रवाशाला याहून जवळचा मार्ग सुचवता येणार नाही. आयोवातील इंडियानोला येथील सिम्प्सन महाविद्यालयात तो चित्रकला शिकला, मग एम्स येथील कृषी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयोवा स्टेट विद्यापीठात, त्याने १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. तेथील एका प्राध्यापकाचा लहान मुलगा त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडून झाडे ओळखायला शिकला. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे संकरित मक्याच्या बियाण्याच्या व्यवसायाचा प्रवर्तक आणि अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. १९४० मधील त्याच्या मेक्सिको भेटीतून तेथील कृषी संशोधनाच्या कामाला चालना मिळाली आणि १९४४ मध्ये त्याच कामावर हरितक्रांतीचे प्रणेते नॉर्मन बोरलॉग रुजू झाले. बोरलॉग यांचा जन्मही आयोवातलाच. क्रेस्को गावाजवळ त्यांचे शेत व घर जपलेले आहे.

बोरलॉग यांनी सुरू केलेल्या जागतिक अन्न पुरस्काराचे दालन डे मॉइन शहरात, पूर्वीच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देखण्या दगडी इमारतीत आहे. १९८७ चा पहिला पुरस्कार एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला आणि १९९८ चा जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना. संकरित बियाणे लहान शेतकऱ्यापर्यंत नेणाऱ्या मराठवाड्यातील या माणसाचे नाव मक्याच्या राजधानीत सन्मानाने घेतले जाते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

कार्व्हरच्या या वाटेचे मूळ मिसुरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डायमंड गावाजवळ आहे. मोझेस कार्व्हर यांच्या ज्या शेतावर जॉर्जचा गुलामीत जन्म झाला, तेथील जमीन १९४३ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तीचे हे पहिले राष्ट्रीय स्मारक होय. ओढा, तळे, जंगल आणि पुन्हा रुजवलेले कुरण यांतून जाणाऱ्या पायवाटेवर, हातात रोप घेऊन बसलेल्या मुलाचा पुतळा लागतो. आजारी झाडांना बरे करणारा मुलगा म्हणून शेजारीपाजारी त्याला ओळखत, ते याच ओढ्याकाठी.

प्रवासाला मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. वसंतात चक्रीवादळांचा इशारा रोज पाहावा आणि पश्चिमेकडे पेट्रोलची टाकी निम्म्यावर येण्याआधी भरून घ्यावी. सेंट लुईसहून ओक्लाहोमाकडे जाणारा ४४ क्रमांकाचा इंटरस्टेट जॉप्लिन शहराजवळून जातो आणि तेथून डायमंड अर्ध्या तासाच्या आत येते. स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने अर्धा दिवस काढून, मुलांना बरोबर घेऊन, तेथे अवश्य जावे.