आधी फिल्टर, मग कार्बोरेटर

कापड घेताना आपण आधी वीण पाहतो. रीड किती, पिक किती, सूत कोणत्या नंबरचे, हे पाहिल्याशिवाय जाणकार व्यापारी भाव बोलत नाही. परंतु तोच व्यापारी आपल्या मोटारसायकलचा एअर फिल्टर घेताना डबा उघडूनही पाहत नाही. वास्तविक फिल्टर म्हणजे हवेची चाळणीच होय. वीण चुकली की माल चुकतो, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरीही माल वाहणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्या आजही कार्बोरेटरवर चालतात. १९९६ साली बंद झालेली आरएक्स १०० तर तरुण मंडळी हौसेने नवी करून घेतात. अशा गाड्यांचे मालक आणि गॅरेजचे कारागीर, दोघांनीही पुढील हिशेब लक्षात ठेवावा.

एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ अकरा किलो, अर्थात सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. ही सारी हवा फिल्टरमधून जाते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत रस्त्याच्या धुळीबरोबर कापसाचे बारीक तंतूही हवेत असतात. म्हणून आपल्याकडे फिल्टर लवकर भरतो.

आमच्याकडून साड्यांचे गठ्ठे नेणारा एक फेरीवाला होता. त्याची गाडी दोन स्ट्रोकची, जुनी, पण इमानदार. एका मिस्त्रीने त्याला सांगितले की, कंपनीचा फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावू, पिकअप वाढेल. आवाज खरोखर वाढला. कार्बोरेटरचे जेट मात्र जुनेच राहिले. काही दिवसांनी भर दुपारी, गठ्ठे लादलेले असताना, मनमाडच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला. बोअर करून नवा पिस्टन घालेपर्यंत बाजाराचे दिवस बुडाले. उधारीवर उचललेला माल मात्र तसाच पडून राहिला.

चूक कोठे झाली? उघड्या फिल्टरने हवा जास्त आली, पेट्रोल तेवढेच राहिले. असे मिश्रण इंजिन फार तापवते आणि दोन स्ट्रोकच्या गाडीत पिस्टन धरतो. कंपनीचा डबा केवळ धूळ व पाणी अडवत नाही. तो आतली हवा स्थिर ठेवतो, आणि कार्बोरेटरचे जेट त्याच हवेच्या मापाने ठरवलेले असतात. राजदूत ३५० सारख्या दोन कार्बोरेटरच्या गाडीत तर आणखी सांभाळावे लागते. तेथे दोन्ही बाजूंना हवा सारखी मिळाली नाही, तर एक सिलिंडर ठीक चालतो आणि दुसरा तापतो.

फिल्टर मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला कागदाचा. तो कोरडा असेल तर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकावा, धुऊ नये. काही कागदी फिल्टर तेल लावलेले येतात, ते साफ करण्याच्या भानगडीत न पडता बदलावेत. दुसरा फोमचा. तो साबणाच्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा, फिल्टरचे तेल लावून पिळून बसवावा. पेट्रोलने धुऊ नये. आगीचा धोका असतो आणि फोमही विरतो. तिसरा सुती जाळीचा, तेल लावलेला. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण तेल जास्त झाले तर हवा कोंडते आणि कमी झाले तर धूळ आत जाते. रोज माल वाहणाऱ्या गाडीला कंपनीच्या मापाचा फिल्टर आणि शाबूत डबा हाच सौदा फायद्याचा.

आता कामाचा क्रम. बहुतेक ठिकाणी आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतात आणि फिल्टर नंतर बदलतात. हे उलटे काम आहे. भरलेल्या फिल्टरवर ट्यूनिंग केले आणि मग नवा बसवला, तर सारे माप बदलते. म्हणून प्रथम फिल्टर ठरवावा, त्याची कड व रबरी नळी तपासावी. नळीच्या आतल्या बाजूस धूळ हाताला लागली, तर हवा फिल्टरला वळसा घालून जात आहे असे समजावे. त्यानंतर प्लग, टायमिंग आणि चार स्ट्रोकची गाडी असेल तर टॅपेट पाहावेत. कार्बोरेटर सर्वांत शेवटी.

उघडा फिल्टर लावायचाच असेल, तर मेन जेट एकदम न बदलता एकेक पायरी मोठा करत जावे. स्लोवर पायलट जेट, मधल्या रेसवर नीडल आणि पूर्ण रेसवर मेन जेट पेट्रोल देतो, हे ध्यानात ठेवून दोष शोधावा. नवा प्लग लावून पूर्ण रेसवर थोडे अंतर चालवावे, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करावे आणि प्लग पाहावा. पांढरा असेल तर हवा जास्त, काळा व काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त, तपकिरी असेल तर माप बरोबर.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या कार्बोरेटरमध्ये मिश्रणात हवा आधीच थोडी जास्त ठरते. त्यात उघडा फिल्टर लावला की धोका दुप्पट.

कारागीर बंधूंना एवढीच विनंती की, गिऱ्हाईक पिकअप मागेल तेव्हा त्याला आधी विचारा, गाडी हौसेची आहे की पोटाची? पोटाची असेल तर आवाज वाढवून देऊ नका. फेरीवाल्याची गाडी रस्त्यात थांबली की त्या दिवशी त्याच्या घरची चूलही थांबते.