डोंगरावरचे देव आणि ऋतूंचे उत्सव

देशाचें ऋतुचक्र पंचांगांत जसें वाचतां येतें, तसें तें तेथील डोंगरांवरही वाचतां येतें. आपल्या पूर्वजांनीं देवस्थानें टेकड्यांवर स्थापिलीं आणि त्यांच्या यात्रा ऋतूंच्या सांध्यावर नेमल्या, यांत भक्तीइतकीच दूरदृष्टीही होती असें आम्हांस वाटतें. जालना जिल्ह्यांतील अशा कांहीं स्थानांची व त्यांच्या जोडीस जपानांतील एका डोंगराची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जालन्याच्या दक्षिणेस अंबड हें जुनें गांव आहे. अंबरीष राजानें तें वसविलें अशी दंतकथा आहे. गांवालगतची टेकडी दुरून एखाद्या माशासारखी दिसते, म्हणून तिच्यावरील देवीस मत्स्योदरी हें नांव पडलें. महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती या तीन रूपांत तिची पूजा होते. आश्विनांत घटस्थापना झाली, कीं टेकडीच्या पायऱ्या माणसांनीं फुलून जातात. जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भोकरदन तालुक्यांत, राजूरचा गणपति असाच उंचवट्यावर बसलेला आहे. गणेशभक्तांच्या एका परंपरेंत साडेतीन पीठांत त्याची गणना होते आणि अंगारकीस तेथें मोठी गर्दी लोटते. त्याहून उत्तरेस, अजिंठ्याच्या रांगेंत, महानुभावांचें जाळीचा देव हें तीर्थ आहे. जाळी म्हणजे दाट झाडोरा. श्रीचक्रधरस्वामींच्या काळीं, म्हणजे तेराव्या शतकांत, तेथें वाघांचें रान होतें असें पंथीय कथांवरून दिसतें. स्थानाच्या नांवांत रान अद्याप शिल्लक आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या मुलखानें राज्यांतरें थोडीं पाहिलीं नाहींत. याच भागांत असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्लीची शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं प्रसिद्ध लढाई झाली. पुढें निजामाचा अंमल १९४८ पर्यंत राहिला. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, आणि १ मे १९८१ रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून जालना जिल्हा वेगळा झाला. इतकें होऊनही नवरात्राची तिथि हालली नाहीं कीं चतुर्थीचा चंद्र चुकला नाहीं. राज्यें बदललीं, पण ऋतूंचे उत्सव लोकांनीं जतन केले.

आतां जपानाकडे वळूं. टोकियो शहराच्या पश्चिमेस ताकाओ नांवाचा ५९९ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावरील याकुओ-इन हें बौद्ध मंदिर इ. स. ७४४ मध्यें स्थापन झालें असें मानितात. वसंतारंभीं पायथ्याच्या दरीमध्यें आलुबुखाराच्या जातीचीं झाडें बहरतात, तेव्हां त्यांचा उत्सव. कार्तिकाच्या सुमारास मेपलचीं पानें लालभडक होतात, तेव्हां तीं पाहण्यास लोकांची रीघ. मार्चच्या दुसऱ्या रविवारीं डोंगरावरील तपस्वी मोठा अग्नि प्रज्वलित करून त्याच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात व मागून सामान्य जनही जातात. या अग्निविधीस जपानी लोक ‘गोमा’ म्हणतात. हा आपला ‘होम’ शब्दच चीनमार्गें तेथें पोहोंचला आहे, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल.

पण खरें कौतुक पुढेंच आहे. सोळाव्या शतकांत तेथील होजो सरदारांनीं या डोंगरावरील झाडें तोडण्यास मनाई केली, पुढील सत्ताधीशांनीं ती चालविली, आणि १९६७ मध्यें हा डोंगर सरकारी निसर्गोद्यान ठरला. परिणामीं एवढ्याशा डोंगरावर सुमारें १६०० जातींच्या वनस्पति नांदतात. तेथें देवाचा उत्सव आणि रानाचें रक्षण हीं दोन कामें निराळीं राहिलीं नाहींत.

आपलें कसें आहे? पाडव्यास कडुलिंब, ज्येष्ठी पौर्णिमेस वड, श्रावणी सोमवारीं बेल, भाद्रपदांत पत्री, दसऱ्यास आपटा, शिमग्यास पळसाचीं फुलें; आपलें वर्ष झाडांच्याच नांवानें मोजलें जातें. तथापि वडाची फांदी बाजारांतून विकत आणून पाटावर पूजिली जाते, आणि आपटा म्हणून पुष्कळदां कांचनाचीं पानें लुटलीं जातात. ज्या झाडाच्या दीर्घायुष्यावरून पतीचें दीर्घायुष्य मागावयाचें, त्याचीच फांदी तोडावयाची, ही विसंगति घरांतील वडील मंडळींनींच दाखवून दिली पाहिजे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाहीं. जालना जिल्ह्यांत वनांखालील जमीन अत्यल्प आहे. उघड्या टेकडीवर पडलेलें पाणी मुरत नाहीं, मातीसह वाहून जातें. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि वर्षांनुवर्षें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं झाडें शेतकऱ्यांस स्वतःच्या हातांनीं तोडावीं लागलीं. डोंगर उघडा झाला म्हणूनच पाऊस कमी पडला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो पडतो तो धरून ठेवण्यास झाडाइतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं.

म्हणून एकत्र कुटुंबांतील मंडळींस आमची एक विनंति आहे. देवीच्या नवसास नारळ असावा, त्याबरोबर एखादें रोपही असावें. आणि तें लावून परतणें पुरे नाहीं, पहिले दोन उन्हाळे त्यास पाणी घालण्याची जबाबदारी घरांतील मुलांकडे नांवानिशीं सोंपवावी. वटपूजा उभ्या वडापाशींच व्हावी. आपटा ओळखण्यास आजीनें नातवंडांस शिकवावें आणि सोन्याचें एकच पान द्यावें. देवस्थानांच्या विश्वस्तांनीं टेकडीचा उतार देवाच्या मालकीचा समजून राखला, तर ताकाओसारखा डोंगर आपल्याकडेही उभा राहण्यास तीन पिढ्यांहून अधिक काळ लागूं नये. आपल्या घरांत आजोबा, वडील आणि नातू हे तिघे एका पंक्तीस बसतात; तेव्हां तीन पिढ्यांचें काम अंगावर घेण्यास एकत्र कुटुंबाइतकें योग्य कोण आहे?